ऊस ओढलेला ट्रॅक्टर आणि मायनिंगचं ग्राफिक कार्ड

परवा परत एकाचा मेसेज आला, दादा ३०७० मिळायलंय स्वस्तात पण मायनिंगचं आहे म्हणं, घेऊ का नको. ३०७० म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक कार्डाचा नंबर, आणि मायनिंग म्हणजे असली कार्डं चोवीस तास गणितं सोडवायला लावून क्रिप्टोची नाणी कमवायची. महिन्यातनं दोन-तीन तरी असे मेसेज येतात, कारण माझ्या ऑफिसातल्या पीसीत मायनिंगचंच कार्ड आहे हे आमच्या एडिटिंगवाल्या पोरांच्यात सगळ्यांना माहितीय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, मायनिंगचं कार्ड आहे म्हणून भिऊ नका, पण "छे छे, मायनिंग नाही, फक्त गेमिंगला वापरलंय, तेपण हलकं" असं न विचारता सांगणारा भेटला की तिथं मात्र हात आखडता घ्या. मी एक कार्ड तसल्या माणसाकडनं घेतलंय आणि एक उघड उघड मायनिंग करणाऱ्याकडनं, दोन्हीची गोष्ट सांगतो.

माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं, कोल्हापुरात राजारामपुरीत एक खोलीचं ऑफिस आहे. २०२२ ला तुळशीची लग्नं झाली आणि सीझन सुरू झाला तेव्हा माझ्याकडं १०५० टीआय होतं, ४ जीबीचं. तोवर फुल एचडीत काम भागायचं, पण त्या वर्षी सगळ्यांनी ४के शूट करायला सुरुवात केली आणि दाविंची रिझॉल्व्हमध्ये कलर करायला घेतलं की दर दहा मिनिटाला स्क्रीनवर यायचं, जीपीयू मेमरी फुल. नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातली खरखर काढायचं, लावलं की संपलंच. हळदीचे शॉट रात्रीचे, मंडपातल्या पिवळ्या लाईटमधले, त्यांना नॉइज रिडक्शन लावल्याशिवाय देताच येत नाहीत, आणि गिऱ्हाईक तर रोज फोन करतंय कधी देताय म्हणून. नवीन १२ जीबीचं कार्ड तेव्हा तीस हजाराच्या घरात होतं आणि माझी निम्मी पेमेंटं लग्नं उरकल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी येतात, त्यामुळं जुनं बघणं भाग होतं.

आणि नेमकं त्याच वेळी जुन्या कार्डांचा पूर आला होता. त्याचं कारण बऱ्याच जणांना अर्धवट माहिती असतंय म्हणून सांगतो. लोक म्हणतात बिटकॉइनवाल्यांची कार्डं. पण बिटकॉइन ग्राफिक कार्डवर काढायचे दिवस कधीच गेले, त्याला वेगळी खास मशीन असतात. ग्राफिक कार्डं लागायची ती मुख्यतः इथेरियम नावाच्या दुसऱ्या नाण्याला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धतच बदलली, ज्याला मर्ज म्हणतात, आणि त्या दिवसापासनं तिथं मायनिंग हा प्रकारच राहिला नाही. रात्रीत जगभरची लाखो कार्डं बिनकामाची झाली. दुसरी नाणी होती की, इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन वगैरे, पण सगळेच तिकडं पळाल्यावर वाट्याला लाईट बिलाएवढंसुद्धा येईना. आपल्याकडं तर त्याच वर्षी १ एप्रिलपासनं क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि १ जुलैपासनं व्यवहारावर १ टक्का टीडीएस लागला होता, त्यामुळं बरेच जण आधीच कंटाळले होते. मग सगळं विकायला निघालं.

मी घाई केली. ऑनलाईन एक जाहिरात बघितली, एएमडी कंपनीचं आरएक्स ५८०, ८ जीबी, साडेआठ हजार. फोटो चकचकीत. फोनवर माणूस गोड बोलला, माझ्या लहान भावाचं आहे, गेम खेळायचा, आता अभ्यासाला लागलाय. परगावचा माणूस, मी निम्मे पैसे आधी दिले आणि निम्मे कार्ड कुरिअरला टाकल्याची पावती आल्यावर.

कार्ड आलं, लावलं, डिस्प्ले आला, बरं वाटलं. पण एएमडीचा ड्रायव्हरच बसेना. इन्स्टॉल व्हायचा, रिस्टार्ट केला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. डीडीयू ह्या जुने ड्रायव्हर काढायच्या प्रोग्रॅमनं सगळं साफ करून परत टाकलं, विंडोज नवीन टाकलं, दोन रात्री गेल्या. शेवटी एका मित्रानं सांगितलं बायोस बघ, म्हणजे कार्डातच भरलेला मूळ प्रोग्रॅम. ह्या पोलारिस पिढीच्या कार्डांवर, म्हणजे ४७०, ५७०, ५८० वर मायनिंगवाले हमखास बायोस बदलायचे, मेमरीची टायमिंग कडक करून टाकायचे म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त हॅशरेट, मायनिंगचा वेग, मिळतोय, आणि बायोस असा बदलला की त्याची सही जुळत नाही म्हणून विंडोजमध्ये ड्रायव्हर चालूच होत नाही. जीपीयू-झेड ह्या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं बायोस काढून टेकपॉवरअपच्या साईटवरच्या मूळ बायोसशी ताडून बघितला तर वेगळाच. म्हणजे अभ्यासाला लागलेल्या भावाची गोष्ट खोटी.

मूळ बायोस शोधून टाकला. हे करताना एक गोष्ट नीट बघा, एकाच मॉडेलच्या कार्डावर कधी सॅमसंगची मेमरी असते, कधी हायनिक्सची, कधी मायक्रॉनची, आणि बायोस त्याच मेमरीचा लागतो, जीपीयू-झेडमध्ये मेमरीचं नाव दिसतंय. काही कार्डांना वरच्या कडेला एक बारीक स्विच असतो, त्यात दोन बायोस असतात, तसलं कार्ड असेल तर एक बिघडला तरी दुसऱ्यावरनं चालू होतंय. माझ्याला होता तो स्विच. ड्रायव्हर बसला आणि मला वाटलं प्रश्न मिटला.

आठवडाभरानं एका लग्नाचं फायनल एक्स्पोर्ट चालू होतं, कागलकडचं लग्न, शंभर टक्के झालं म्हणून बघायला बसलो आणि अक्षता पडायच्या शॉटमध्ये नवरीच्या कपाळावर हिरवे चौकोन. बारीक बारीक, मुंडावळ्यांच्या शेजारी, एक फ्रेम यायचे, जायचे, परत यायचे. पहिल्यांदा वाटलं फुटेज खराब आहे. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डमधलं मूळ फुटेज बघितलं तर स्वच्छ. मग एचडब्ल्यूइन्फो, कार्डाचे आतले आकडे दाखवणारा प्रोग्रॅम, लावून बसलो. ह्या एएमडीच्या कार्डांवर तिथं मेमरी एरर मोजायचा एक रकाना दिसतो, कार्ड थंड असताना शून्य, वीस-एक मिनिटं लोड दिला की आकडा जो पळायला लागला तो थांबेना. मेमरीचा क्लॉक, म्हणजे वेग, २००० वरनं १७५० वर आणला, चार दिवस बरं चाललं, परत सुरू. विकणाऱ्याचा फोन पहिल्यांदा लागत होता, मग नुसता वाजायचा, मग तोपण बंद.

मोबाईल आणि लॅपटॉपच्या बोर्डाचं बारीक काम करणारा एक माणूस ओळखीचा आहे, त्याच्याकडं नेलं. त्यानं कूलर काढून बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बघायला लावलं. आठ मेमरी चिप आहेत, सात जणींच्या कडा कोरड्या, स्वच्छ, आणि एकीच्या चारी बाजूंनी पिवळसर चिकट थर, सोल्डर करताना लावतात त्या फ्लक्सचा, नीट पुसलेलासुद्धा नव्हता. तो म्हणाला ही चिप आधीच एकदा गरम करून बसवलीये, पण चिपच गेलीये आतनं, उष्णता दिली की थोडे दिवस चालतंय आणि तेवढ्या दिवसात विकून मोकळं व्हायचं. एकानं मला सुचवलंसुद्धा, तूपण तसंच कर, थंड असताना चालू करून दाखव आणि काढून टाक. माझ्या हातनं ते होणार नव्हतं. साडेआठ हजार म्हणजे माझ्या एका छोट्या लग्नाच्या एडिटिंगचे पैसे, ते मी जसे रात्र रात्र जागून मिळवतो तसेच घेणारापण कुठनंतरी मिळवत असणार. ते कार्ड अजून माझ्याकडं आहे, बायोस कसा तपासायचा हे पोरांना दाखवायला वापरतो.

आता मामाची गोष्ट. माझे मामा शिरोळ तालुक्यातले, शेती आहे, आणि जुने ट्रॅक्टर घ्यायचे म्हटलं की आजूबाजूच्या गावातली माणसं त्यांना बरोबर घेऊन जातात. मार्चमध्ये घरी आले होते, आईनं त्यांच्यापुढं सगळं सांगितलं, बघ ह्यानं साडेआठ हजार घालवले. मामांनी मला एकच विचारलं, "तास किती झालं हुतं?"

मला कळालंच नाही. म्हणाले, "आरं ट्रॅक्टरला किलोमीटर न्हवं, तास बघत्यात. मीटरवर असतंय. आणि मीटरपेक्षा म्होरं एक गोष्ट इचारायची, ऊस ओढलाय काय न्हाई. रानात नांगरट करून तीन हजार तास झालेला ट्रॅक्टर मी घीन, पर दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस ओढून पंधराशे तास झालेला न्हाई घ्यायचो. तेचा क्लच बघ, गिअरबॉक्स बघ, सगळं घासल्यालं असतंय. रंग मारून आणत्यात."

मी मामांना सांगितलं की कार्डाला तासाचं मीटरच नसतंय. मामा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मीटर माणसाकडं असतंय. माणूस बघाय जायचं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. खरंच, ग्राफिक कार्डात कुठंही लिहिलेलं नसतंय की हे किती तास चाललंय. हार्ड डिस्कला असतंय, स्मार्ट डेटात पॉवर ऑनचे तास दिसतात. कार्डाला नाही. त्यामुळं आपल्याला बघायचं काय, तर ह्या कार्डानं कुठल्या प्रकारचं काम केलंय आणि त्या कामात काय झिजतंय. रानातली नांगरट का उसाची वाहतूक.

आणि इथं मायनिंगबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला लागते, जी मला पहिलं कार्ड घेताना माहिती नव्हती. इथेरियमचं जे गणित होतं, इथॅश नावाचं, ते मुद्दाम असं बनवलेलं की त्यात सगळा भार मेमरीवर यावा. डॅग नावाची एक मोठी फाईल कार्डाच्या मेमरीत ठेवायला लागायची, सुरुवातीला १ जीबीची, आणि दर पाच-एक दिवसांनी ती ८ एमबीनं वाढायची, वाढत वाढत डिसेंबर २०२० च्या सुमाराला ती ४ जीबीच्या कार्डात मावेनाशी झाली म्हणून ४ जीबीवाली कार्डं आधीच बाजारात फेकली गेली होती. त्या फाईलमधनं सतत, चोवीस तास, वाचत राहायचं. कार्डाचा जो मुख्य मेंदू, कोअर, त्याला त्यात फारसं काम नाही. म्हणून समजूतदार मायनर काय करायचा, कोअरचा क्लॉक आणि व्होल्टेज खाली आणायचा, पॉवर लिमिट कमी करायचा, लाईट बिल वाचवायला, आणि मेमरीचा क्लॉक मात्र वर. १७० वॅटचं ३०६० हे लोक ११०-१२० वॅटवर चालवायचे.

ह्याचा अर्थ असा की मायनिंगच्या कार्डाचा कोअर बहुतेक वेळा चांगला असतो. उलट गेमिंगच्या कार्डापेक्षा चांगला, कारण गेम खेळताना कार्ड तापतंय, बंद केलं की गार होतंय, परत तापतंय, त्या आकसण्या-पसरण्यानं सोल्डरला बारीक चिरा जातात. मायनिंगमध्ये एकदा जे तापमान धरलं ते महिनोन्महिने तेवढंच. झिजतंय काय, तर पंखे, कारण ते एक दिवस थांबलेले नसतात. थर्मल पेस्ट, म्हणजे कोअर आणि कूलरमधला लेप, ती सुकते. थर्मल पॅड, म्हणजे मेमरीच्या चिपा आणि कूलरच्या मध्ये जो मऊ पट्टा असतो तो, त्यातनं तेल सुटतंय, पॅड कडक होतो, आणि मग मेमरीची उष्णता कूलरपर्यंत जातच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची ती मेमरी. पेस्ट, पॅड, पंखे बदलता येतात, हजार-दोन हजारात होतंय. मेमरी गेली की विषय संपला.

ह्यात पण कार्डा-कार्डात फरक आहे. ३०८० आणि ३०९० ला जीडीडीआर६एक्स मेमरी आहे, ती मुळातच लय तापते, ११० डिग्रीला गेली की कार्ड स्वतःच स्पीड कमी करतंय, आणि बऱ्याच रिगमध्ये, म्हणजे मायनिंगच्या मांडणीत, ती तिथंच महिने-महिने टेकलेली असायची. ३०९० ची तर निम्मी मेमरी बोर्डाच्या मागच्या बाजूला आहे जिथं पंखाच नाही. म्हणून ३०९० मायनिंगचं कोण देत असेल तर पॅड बदलले का, मागच्या प्लेटवर वेगळा पंखा होता का, हे विचारल्याशिवाय पुढं बोलायचं नाही. त्यात एक बरं आहे, ह्या दोन कार्डांवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये मेमरी जंक्शनचं, म्हणजे मेमरीच्या आतलं, तापमान दिसतंय, लोड देऊन लगेच कळतंय. ३०६०, ३०७० ला साधी जीडीडीआर६, ती कमी तापते, पण तिचं तापमान दिसत नाही, तिथं हॉटस्पॉटवर, म्हणजे चिपमधल्या सगळ्यात तापलेल्या जागेवर, अंदाज बांधायला लागतो. कोअर ६५ आणि हॉटस्पॉट ७८ असेल तर ठीक, कोअर ६५ आणि हॉटस्पॉट ९५ दाखवत असेल तर पेस्ट तरी सुकलीये नाहीतर कूलर नीट बसलेला नाही.

तर दुसरं कार्ड. इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्याच्या मुलानं शेडच्या एका कोपऱ्यात मायनिंग केलं होतं आणि आता सगळी कार्डं काढायलाय असं कळालं. फोन केला तर पहिलंच वाक्य, "दादा मायनिंगची आहेत बरं का, चोवीस तास चाललीत, आधीच सांगतो." मी म्हटलं येतो. मित्राची गाडी घेतली, माझा पूर्ण कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस सगळं मागच्या सीटवर ठेवलं, आणि मामांना म्हटलं चला, त्यांचंपण इचलकरंजीत काम होतं.

शेडमध्ये शिरलो तर निम्मे माग बंद, निम्मे चालू, खडखडाट एवढा की बोलायला ओरडायला लागत होतं. कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन मारून एक खोली केलेली, भिंतीला मोठा एक्झॉस्ट, खिडकीला जुन्या साडीचा पातळ कपडा ताणून बसवलेला, कापूस आत येऊ नये म्हणून. लोखंडी अँगलच्या फ्रेमवर आठ कार्डं होती, ३०६० सगळी, १२ जीबीवाली. ३०६० आलं २०२१ च्या फेब्रुवारीत, आणि एनव्हिडियानं त्यात मुद्दाम अशी सोय केली होती की इथेरियमचं मायनिंग ओळखलं की कार्ड निम्म्या स्पीडला यावं, म्हणजे गेमवाल्यांना कार्डं मिळतील. मार्चमध्ये त्यांच्याच एका बीटा ड्रायव्हरनं, ४७०.०५ नंबरचा, ते बंधन चुकून उठवलं, आणि मागं घेईपर्यंत तो जगभर पसरला. त्या ड्रायव्हरला फसवायला कार्डाला मॉनिटर लावल्यासारखा एक खोटा एचडीएमआय प्लग लावायला लागायचा. ह्याच्याकडं तसल्या प्लगची अख्खी पिशवी होती, एका खिळ्याला अडकवलेली.

मी पहिलं कार्ड हातात घेतलं आणि उजेडाला धरलं. पंख्याच्या आत, कूलरच्या पात्यांच्या मधे, पांढरी मऊ लव बसलेली. कापूस. साडीचा कपडा असूनसुद्धा आलेली. नखानं ओढली तर पट्टीसारखी अख्खी निघाली, वात वळावी तशी. आणि कार्डाच्या वरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावलेली, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं, "क्र. ५. सुरू ६/२१. साफ ११/२१. साफ ३/२२, उजवा फॅन बदलला. बंद १५/९/२२."

प्रत्येक कार्डावर तशी पट्टी. तो म्हणाला वडिलांची सवय, मागाला तेलपाणी कधी केलं ते चौकटीवर लिहून ठेवायचे, तसंच लिहीत गेलो. मामांनी पट्टी हातात धरून वाचली, बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये बघ मीटर."

जून २०२१ ते सप्टेंबर २०२२, म्हणजे पंधरा महिने धरले तर जवळजवळ ११ हजार तास. रोज तीन तास गेम खेळणाऱ्याला एवढे तास भरायला १० वर्षं लागतील. ऐकायला लय वाटतंय. पण मी विचारलं मेमरी किती वाढवली होतीस, त्यानं लॅपटॉप उघडून सेटिंग दाखवलं, पॉवर लिमिट, क्लॉक, पंख्याचा वेग, आणि तापमानाचे जुने स्क्रीनशॉट, कोअर ५०-५५ च्या वर गेलेला दिसत नव्हता. मेमरी वाढवलेली होती पण शेवटच्या टोकाला नव्हती, म्हणाला जास्त ओढली की चुका यायच्या, मग शेअर, म्हणजे सोडवलेली गणितं, रिजेक्ट व्हायची, उपयोग काय. हे मला पटलं. मायनिंग करणाऱ्याला स्वतःच्या पैशासाठी कार्ड नीट ठेवायला लागतंय, ज्यानं नीट ठेवलं त्याच्याकडं सांगायला असतंय, आणि ज्यानं नाही ठेवलं तो भावाच्या अभ्यासाची गोष्ट सांगतो.

तरी तपासलं सगळं. माझा कॅबिनेट तिथंच त्याच्या टेबलावर मांडला. कार्ड लावायच्या आधी डोळ्यांनी बघून घेतलं, स्लॉटात बसणारे सोनेरी पाय काळे पडलेत का, पॉवरच्या पिनांचं प्लास्टिक वितळलंय का, कारण रिगमध्ये लोक स्वस्तातले कन्व्हर्टर वापरतात आणि तिथं जळतंय. स्क्रूची डोकी घासलीत का बघितलं, घासलेली असतील तर कार्ड उघडलेलं आहे, उघडणं वाईट नाही पण मग का उघडलं ते विचारायचं. आपल्याकडं अजून एक बघायला पाहिजे, मागच्या पत्र्यावर गंज आणि बोर्डाच्या कडेला पांढरी-हिरवी बुरशीसारखी खूण. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं आपण बघितलंय, कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला दुकानं भरली होती. पाण्यात गेलेलं सामान धुऊन वाळवून परत विकायला येतंय, ते दोन महिने चालतंय, मग आतनं खातंय.

मग चालू केलं. जीपीयू-झेडमध्ये आधी नाव, मेमरी, कोअरची संख्या बघितली. हे का, तर जुन्या भंगार कार्डावर वेगळा बायोस टाकून १०५० टीआय म्हणून खपवलेली कार्डं बाजारात आहेत, जीपीयू-झेड त्यातल्या बऱ्याच कार्डांना सरळ फेक म्हणून दाखवतंय. आरएक्स ५८० मध्येसुद्धा २०४८ एसपी नावाचा एक प्रकार आहे, नाव ५८० पण आत ५७० नंबरच्या कार्डाला असतात तेवढेच कोअर, खऱ्या ५८० ला २३०४ असतात. ते बघून झालं की वीस मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डाला पूर्ण भार देणारा प्रोग्रॅम, पंखे पूर्ण वेगानं फिरवून कान लावला, घरघर येतीये का, पण मागाच्या आवाजात ऐकू येईना, मग मामांनी पंख्याच्या मधल्या गोलाला बंद असताना बोटानं हलवून बघायला सांगितलं, बेअरिंग सैल असेल तर खाली-वर हलतंय. मोटरचं तसंच बघतात म्हणे. आणि सगळ्यात शेवटी मेमरी. ओसीसीटी प्रोग्रॅममध्ये व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, टेस्ट आहे, मेमटेस्ट व्हल्कन म्हणून एक छोटा प्रोग्रॅम आहे तो फुकट मिळतो, तो चालवायचा, पण कार्ड गरम झाल्यावर. गार कार्डावर टेस्ट घेऊन काही उपयोग नाही, माझं ५८० गार असताना पास होत होतं. फरमार्क झाल्या झाल्या लगेच मेमरी टेस्ट, कमीत कमी अर्धा तास. तो अर्धा तास विकणारा किती शांत बसतो हेपण बघायचं. ह्यानं चहा सांगितला आणि मागावर जाऊन धागा तुटलेला जोडून आला.

एकही चूक नाही आली. एकोणीस हजाराला ठरलं. रोख नाही दिले, यूपीआयनं दिले, आणि त्यानं मूळ बिलाची झेरॉक्स दिली, सिरियल नंबर बिलावर होता, वॉरंटी अजून वर्षभराची शिल्लक होती. बिल मागायला लाजू नका. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी बिलाच्या तारखेवरनं चालते, बिल नसेल तर कार्ड चांगलं असूनसुद्धा दोन-तीन हजार कमी द्यायला पाहिजेत.

घरी आणून उघडलं, कापूस काढला, पेस्ट बदलली. पॅड बदलताना जाडी मोजून घ्या, १ मिलीमीटरच्या जागी दीड बसवला की कूलर उचलला जातोय आणि कोअरला टेकतच नाही, मग हॉटस्पॉट शंभर. मी जुना पॅड न दाबलेल्या जागी व्हर्नियरनं मोजला, उद्यमनगरातल्या मित्राकडनं आणलेला. त्यानंतर कोअरचं तापमान सात डिग्रीनं उतरलं. डाव्या पंख्यानं दुसऱ्या पावसाळ्यात आवाज द्यायला सुरुवात केली, तो बदलला. बाकी ह्या कार्डावर किती लग्नं झाली ते मी मोजलेलं नाही, पण अक्षतांच्या शॉटमध्ये परत कधी हिरवा चौकोन आलेला नाही. मीपण आता पट्टी चालू ठेवलीये, कधी साफ केलं, पंखा कधी बदलला, सगळं त्याच्याच खाली लिहितो.

अजून एक राहिलं, डिस्प्ले पोर्ट नसलेली कार्डं. पी१०६-१०० म्हणून येतंय, १०६० चा चुलतभाऊ, ६ जीबी, आणि नंतरची सीएमपी मालिका. ही मायनिंगसाठीच बनवलेली, मागं मॉनिटर लावायला जागाच नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून पोरं घेतात आणि मग रात्ररात्र ड्रायव्हरशी झगडत बसतात. कामासाठी घेत असाल तर नका घेऊ. शिकायला घेत असाल तर घ्या, त्याला माझी ना नाही.

इचलकरंजीला त्यानंतर मी परत एकदा गेलो, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका पोराला घेऊन, त्याला पण ३०६० पाहिजे होतं. तोवर दोनच उरली होती, क्रमांक २ आणि क्रमांक ८. दोनची पट्टी स्वच्छ होती, आठच्या पट्टीवर दोन्ही पंखे बदलल्याची नोंद होती आणि एका उन्हाळ्यात एक्झॉस्ट बंद पडल्याची. तीच पद्धत, फरमार्क, मग मेमरी टेस्ट. दोन नंबरचं पास झालं. आठला नवव्या मिनिटाला एक चूक आली, मग अकराव्याला चार. पोरगं म्हणालं चार-पाचच तर आहेत, तीन हजार कमी करा, मी घेतो. मालकानं कार्ड काढून घेतलं, खिशातनं बॉलपेन काढला, पट्टीवर तारीख घातली आणि खाली लिहिलं, "मेमरी खराब. विकायचं नाही." आणि ते मागच्या फळीवर, प्लगच्या पिशवीशेजारी ठेवून दिलं.